खबर आणि खरेदी

जाहिरात हा शब्द 'जाहीर' या अरबी मूळच्या शब्दावरून आपल्या भाषेत आला, आणि जाहीर म्हणजे उघड, सर्वांस दिसणारे. शब्दाचे हे कुळ पाहिले म्हणजे असे वाटते की, जी आपले रूप लपविते तिला जाहिरात म्हणणेच मुळी चुकीचे. परंतु आज घरोघरी मोबाईलच्या पडद्यावर ज्या जाहिराती झळकतात, त्यांपैकी पुष्कळांचे सामर्थ्य त्या जाहिरातीसारख्या दिसत नाहीत यातच आहे. हे यंत्र नवे खरे; तथापि जाहिरात व वाचनीय मजकूर यांची सांगड घालण्याची कला काही नवी नव्हे. त्या कलेच्या इतिहासातील एक बोधप्रद प्रकरण आपल्या सातारा-सांगलीच्या भूमीवरच घडले, व ते लक्षपूर्वक पाहिल्यास आजच्या गृहस्थास आपली मिळकत सांभाळण्याच्या कामी त्याचा उपयोग होईल, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगावात आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. संस्थाने विलीन झाल्यावर ही वाडी १९४९ साली निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आली, आणि १९६० साली त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. अशा रीतीने या दोन्ही जिल्ह्यांचा या कथेवर सारखाच हक्क आहे.

नांगर उत्तम असला तरी तो आपण होऊन बोलत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. ज्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, त्यांनीही एके काळी किर्लोस्करांचे नांगर व कऱ्हाडजवळच्या ओगले कारखान्याचे कंदील विकण्यासाठी गावोगाव फिरण्याचे काम केले होते. असा विक्रेता पारावर येऊन बसला की तो कोण, कोणाचा माल विकतो, हे ऐकणाऱ्यांस ठाऊक असे. त्याचे बोलणे पटले तर घ्यावे, न पटले तर रामराम करावा. यात फसगत होण्यास फारसा वाव नव्हता.

१९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी या बोलण्यास छापील रूप दिले. 'किर्लोस्कर खबर' या नावाने त्यांनी कारखान्याचे मुखपत्र काढले. शंकरराव हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ असल्यामुळे पानाची मांडणी व जाहिरातीचे चित्र यांची त्यांस चांगली जाण होती. कारखान्याच्या वार्तेबरोबर उद्योगाच्या कथा व सामाजिक विषयांवरील लेख येऊ लागले, वाचक वाढले, आणि १९२९ साली नावातील 'खबर' गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले. १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्यास मिळाली. माल खपविण्याकरिता निघालेले पत्र मराठी मध्यमवर्गाच्या विचारांस वळण लावणारे मासिक बनले, हे आपल्या वाङ्मयव्यवहारातील एक आश्चर्यच होय.

आता कोणी विचारील की, हीसुद्धा मजकुराच्या आडून केलेली जाहिरातच नव्हे काय? होय, परंतु कारखान्याचे नाव मुखपृष्ठावरच मिरविणाऱ्या या जाहिरातीत आड असे काही नव्हते. अंक हाती घेणाऱ्यास आपण कोणाच्या ओसरीवर बसलो आहोत हे पहिल्याच अक्षरास कळत असे.

याचा अर्थ तो काळ सोन्याचा होता असा मात्र नव्हे. त्याच काळच्या नियतकालिकांतून सर्व रोगांवरील रामबाण औषधांच्या जाहिरातींचा इतका सुकाळ झाला होता की, अखेर १९५४ साली त्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. चहाची गोष्ट तर याहून विचार करण्यासारखी आहे. ज्या १९०३ साली पहिला नांगर तयार झाला, त्याच साली सरकारने निर्यातीच्या चहावर कर बसवून त्यातून चहाच्या प्रचाराची सोय केली, आणि पुढील काही दशकांत फुकट पेले पाजून व फलक लावून या देशास चहाची सवय लावण्यात आली. नांगराच्या जाहिरातीने असलेली गरज भागविली. चहाच्या जाहिरातीने नसलेली गरज उत्पन्न केली. खर्चाच्या सवयी कशा जडतात याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

त्या काळी ग्राहकास आणखी एक संरक्षण होते, ते म्हणजे विलंबाचे. जाहिरात वाचून पत्र लिहावे, ते टपालात पडावे, मग व्ही. पी. यावी आणि पोस्टमन दाराशी उभा राहिल्यावर पैसे मोजावे. तोवर आठवडा-दोन आठवडे निघून जात. त्या अवधीत घरातील वडीलधारी मंडळी 'याची खरोखर गरज आहे काय?' असे एकदा तरी विचारीत, आणि जमाखर्चाच्या वहीची दृष्टीही त्यावर पडे.

आज ही दोन्ही संरक्षणे ढासळली आहेत. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून इच्छा व खर्च यांमधील अंतर काही क्षणांवर आले आहे. आणि विक्रेता कोण हे ओळखणेही दुर्घट झाले आहे. मिरजेतील एखाद्या गृहिणीने मिक्सरची किंमत नुसती पाहिली, तरी तिच्या त्या शोधाची नोंद होते, तिच्यापुढील पडद्याच्या जागेचा क्षणार्धात लिलाव होतो, आणि पुढे कित्येक दिवस मिक्सरच तिचा पाठलाग करितो. शोध घेतल्यावर वर येणाऱ्या पहिल्या ओळी बहुधा पैसे देऊन मिळविलेल्या असतात. ओळखीच्या मराठीत जिव्हाळ्याने साडी वा मसाला दाखविणारी व्यक्ती मोबदला घेऊन बोलत असेल, अशी शंकाही कित्येकांच्या मनास शिवत नाही.

कायद्याने या प्रकाराकडे दुर्लक्ष केले आहे असे नाही. जाहिरातदारांच्या स्वनियामक मंडळाने २०२१ साली असे ठरविले की, मोबदला घेऊन केलेल्या शिफारशीवर तसे स्पष्ट लिहावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम केले, व २०२३ च्या नोव्हेंबरात 'डार्क पॅटर्न' म्हणविल्या जाणाऱ्या १३ युक्त्या निषिद्ध ठरविल्या. वेषांतर केलेली जाहिरात, 'दोनच नग उरले' अशी खोटी घाई, आणि न विचारता टोपलीत वस्तू घालणे, या त्यांतीलच होत.

परंतु नियम दिल्लीत होतात व खरेदी आपल्या माजघरात. म्हणून जे संरक्षण पूर्वी आपोआप मिळे ते आता बुद्ध्या उभारावयास हवे. 'स्पॉन्सर्ड' हा बारीक अक्षरांतील शब्द शोधण्याची सवय मुलांसही लावावी. कोणतीही शिफारस ऐकताना हिचे पैसे कोण देतो, हा प्रश्न मनाशी करावा. निवडलेली वस्तू टोपलीतच एक रात्र राहू द्यावी, आणि महिनाअखेर मोबाईलवरून झालेला खर्च वहीत मांडून घरातील सर्वांसमक्ष वाचावा. ज्या शेतकऱ्यांनी पहिल्या नांगरास दोन वर्षे ताटकळत ठेविले त्यांची समजूत चुकीची होती खरी. पण नांगर पाहून, पारखून, शेजाऱ्याच्या शेतात चालवून मगच पैसे सोडण्याची त्यांची रीत आजच्या सुशिक्षित कुटुंबांनीही अवश्य घ्यावी अशी आहे.