भोपाळ : दोन वर्षांची सजा

भोपाळच्या वायुकांडाला 'दुर्घटना' म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. मला ती मान्य नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती आणि वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवला होता. हा खर्च वाचविण्याचा हिशेब होता. तो चुकता केला कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरातल्या कष्टकऱ्यांनी.

आरोप लागला सदोष मनुष्यवधाचा. सजा दहा वर्षांपर्यंत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ३०४-अ वर, म्हणजे ट्रकखाली माणूस चिरडणाऱ्या ड्रायव्हरच्या कलमावर आणला. कमाल सजा दोन वर्षे. त्याच दंडसंहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत सजा होती! (ते कलम आमच्या वस्त्यांना चांगलेच पाठ आहे.) संहितेचे कलम ११ कंपनीलाही 'व्यक्ती' मानत होते, पण या व्यक्तीला बेड्या घालायला हात नाहीत. ब्रिटनने २००७ साली संस्थेलाच मनुष्यवधासाठी दोषी धरणारा कायदा केला. आपल्याकडे भोपाळ होऊनही तो झाला नाही.

७ जून २०१० रोजी भारतीय कंपनीला सुमारे पाच लाख रुपये दंड झाला. मृतांचा सरकारी आकडा ५,२९५ धरला तरी माणसामागे शंभर रुपये भरत नाहीत. सात अधिकाऱ्यांना दोन वर्षे, आणि त्याच दिवशी जामीन. अमेरिकेतली मूळ कंपनी तर न्यायालयाच्या दप्तरी फरारी होती.