टोपी आणि तसबीर

जुनी कथा नव्या घरांत नांदविणें महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. बारामतीस राहून मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) महाभारत मराठी आर्यांत आणलें. त्या काव्यास कोणी उसनें म्हणत नाहीं. परंतु प्रहसनाचें सर्वस्व कथानकाच्या घोटाळ्यांत असतें. तो घोटाळाच परक्याचा घेतला, तर घेणाराचें स्वतःचें असें काय उरतें?

प्रथम फ्रान्सांतील एक उदाहरण पाहावें. लाबिश आणि मार्क-मिशेल यांचें इटालियन गवती टोपीवरील पांच अंकी प्रहसन १८५१ सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर आलें. नवरदेवाचा घोडा एका विवाहितेची टोपी खातो. टोपीवांचून तिला पतीसमोर जाण्याची सोय नाहीं. म्हणून नवरदेव, मागें सारें वऱ्हाड घेऊन, तशीच टोपी धुंडाळीत शहरभर फिरतो. मूळ खेळांत गाणीं होतीं. रने क्लेअर यांनीं १९२८ सालीं त्याचा मूकपट काढला, तेव्हां गाणीं गेलीं आणि संवादही गेले. टोपी मात्र राहिली आणि तिच्याबरोबर हंसूंही राहिलें.

मराठींत टोपीच्या जागीं तसबीर आली. मोलिएरच्या १६६० मधील ‘स्गानारेल’ या एकांकी प्रहसनांतील बीज घेऊन आर्थर मर्फी यानें १७६१ सालीं इंग्रजी नाटक रचलें. त्यावरून गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९३ सालीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक सिद्ध केलें. पुढें त्यांत पदें घातलीं गेलीं आणि ‘संशयकल्लोळ’ या नांवानें १९१६ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. त्याच वर्षीं १४ जून रोजीं देवल निवर्तले.

घोटाळा साधाच आहे. रेवतीस घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतो. तें त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटाची तसबीर पडते व ती कृत्तिकेच्या हातीं लागते; ती न्याहाळतांना फाल्गुनराव पाहतो. उभयतांचे डोळे खरें तेंच पाहतात. मनें मात्र भलताच अर्थ लावतात.

येथवर सर्व परक्याचें. देवलांचें स्वतःचें तें पुढें. मर्फीची नायिका कुलीन घरची आहे. तिच्यावर संशय आला तर प्रेमांत विघ्न येईल, इतकेंच. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. लग्न करून प्रतिष्ठेनें संसार थाटावा, ही तिची आस. आणि तिच्यावर संशय घेण्यास समाज आधींच टपलेला. अश्विनशेटाचें मन फिरलें, तर तिची ती एकुलती वाटच बुजेल. ‘शारदा’ नाटकांत (१८९९) जरठ-कुमारी विवाहावर आघात करणारे देवल ते हेच.

प्रेक्षक फाल्गुनरावास हंसतात, पण रेवतीची काळजीही वाहतात. तसबीर परदेशांतून आली. ही काळजी मात्र देवलांनीं इथल्याच घरांतून घेतली.