भेरली माडाची नावं

तळोज्याच्या नव्या वसाहतींत, सोसायटीच्या फाटकापाशी किंवा रो-हाउसच्या अंगणात, एक झाड आता ओळखीचं झालं आहे. पान माशाच्या शेपटीसारखं, टोकाला कुरतडल्यासारखं. नर्सरीत ते ‘फिशटेल पाम’ म्हणून मिळतं, आणि रोप दांडगं असेल तर ‘जायंट फिशटेल’ म्हणून. कोकणात मात्र या कुळातलं एक झाड पिढ्यान् पिढ्या आहे. त्याला भेरली माड म्हणतात, सुरमाडही म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळते: नाव नुसतं दिसण्यावरून ठेवलं, तर ती वस्तू काय करते हे पुढच्या माणसाला कळत नाही. या झाडाच्या बाबतीत तेच झालं आहे.

छापील पुस्तकात हे झाड फार लवकर आलं. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. पहिल्याच खंडात हा माड त्याच्या मल्याळी नावाने, चुंडप्पना म्हणून, चित्रासह आहे. या कामात इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्रही त्याच खंडात छापलेलं आहे. पुढे १७५३ साली लिनियसने याच ग्रंथाचा आधार घेऊन झाडाला शास्त्रीय नाव दिलं, ‘कॅरिओटा युरेन्स’. युरेन्स म्हणजे जाळणारा. फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते हाताला लागले की आग होते, तोंडात गेले तर विचारूच नका. मराठी नावाने झाडाची सूर सांगितली, लॅटिन नावाने खाज सांगितली. दोन्ही नावं सावध करणारी होती.

सूर येते कुठून, हे कळायला झाडाचं आयुष्य पाहावं लागतं. हा माड साधारण दहा-पंधरा वर्षं फक्त वाढतो आणि खोडात पिष्ट साठवत राहतो. मग शेंड्याजवळ पहिला तुरा फुटतो, घोड्याच्या शेपटीसारखा खाली लोंबणारा. त्यानंतरचा तुरा त्याच्या खाली, पुढचा त्याच्याही खाली. असा मोहर पाच-सात वर्षं खोडावरून खाली उतरतो. शेवटच्या तुऱ्याची फळं पिकली की झाड मरतं. जन्मभराची शिल्लक एकदाच खर्च करायची, असा त्याचा हिशोब.

माणसाने याच शिलकीवर हात मारला. तुरा छेदला की तिचा गोड रस होऊन गळतो. त्याची ताडी होते, श्रीलंकेत त्याचा ‘कितुल’ गूळ आणि काकवी होते. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने चांगलं झाड उन्हाळ्यात दिवसाला शंभर पाइंट, म्हणजे पन्नास लिटरच्या आसपास, रस देतं असं नोंदवलं. खोडातल्या पिठाची पेज दुष्काळात लोकांनी खाल्ली, हेही त्याने लिहिलं. ती पेज त्याने स्वतः चाखली होती, आणि ती त्याला मलायाच्या साबुदाण्याइतकीच चांगली वाटली. पानांच्या देठांच्या काळ्या धाग्यांचे ब्रश होत. केरळात हत्तींना आजही ही पानं घालतात.

मग सरकार आलं. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यामुळे ताडी काढायला परवाना लागू लागला आणि छेदल्या जाणाऱ्या झाडावर कर बसला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. झाड आपल्या परसात असलं, तरी त्याच्या रसावर हुकूम सरकारचा झाला. ज्या झाडाला हात लावायला परवाना लागतो, त्याची माहिती नातवाला देण्याचं कारणही हळूहळू उरत नाही. नावातली सूर लोक विसरले आणि शेपटी तेवढी राहिली.

म्हणून अंगणात लावण्याआधी ओळख नीट करून घ्यावी. ताडकुळात दुहेरी पिसांसारखं विभागलेलं पान फक्त याच गणात असतं, त्यामुळे गण चुकत नाही. मुळापासून पुष्कळ खोडं एकत्र फुटत असतील, तर तो ‘मायटिस’. एकच राखाडी, वलयांचं खोड असेल, तर बहुधा आपला भेरली माड. परदेशी बाजारात ‘गिगास’ नावाने विकला जाणारा खरा राक्षसी प्रकार म्हणजे ‘ऑब्टुसा’. त्याचं खोड कितीतरी जाड असतं, पानं मोठी आणि आडवी पसरणारी. ग्रिफिथने त्याचं वर्णन १८४० च्या दशकात केलं. तो ईशान्य भारतातला आणि त्यापलीकडच्या थंड डोंगरांतला आहे, खाडीकाठच्या उकाड्यातला नव्हे. इथे लावायचाच, तर भेरली माड लावावा.

बी ताजं घ्यावं, गर हातमोजे घालून काढावा, आणि उगवायला काही महिने लागतात हे धरून चालावं. रोपाला लहानपणी सावली हवी, पाणी भरपूर हवं, पण साचून राहिलेलं नको. जागा मात्र आजची उंची पाहून ठरवू नये. मेलेलं खोड पंधरा मीटरच्या आसपास असू शकतं, आणि ते उतरवायला दोर बांधून माणूस चढवावा लागतो. भिंत, विजेची तार आणि मुलांची खेळायची जागा यांपासून ते लांबच बरं. फळं खाली पडू लागली की ती झाडून घ्यावीत. रानात ती उदमांजरं आणि धनेश खातात, अंगणात मुलं उचलतात.

एवढी माहिती सुरमाड आणि युरेन्स या दोन नावांच्या पोटात होती. ‘फिशटेल’ या नावात ती नाही. रोप घेताना नर्सरीची चिठ्ठी राहू द्या, पण कुंडीवर भेरली माड असंही लिहून ठेवा. वीस-पंचवीस वर्षांनी झाड वरून खाली मोहरत मरू लागेल. तेव्हा त्या घरात जो राहत असेल, त्याने त्याला रोग समजून औषध मारू नये.