विद्रावकाची परीक्षा

औषध म्हटले म्हणजे रोग्याचे लक्ष त्यातील गुणकारी द्रव्याकडे जाते. ते द्रव्य ज्यात विरघळविलेले असते, त्या विद्रावकाचा विचार सहसा कोणी करीत नाही. या उपेक्षेची जबर किंमत १९३७ साली अमेरिकेला द्यावी लागली.

सल्फानिलामाइड हे त्या काळचे नामांकित जंतुनाशक औषध. ते गोळीच्या व भुकटीच्या रूपात मिळे. पातळ औषधाला मात्र मागणी होती. टेनेसी राज्यातील मॅसेनगिल कंपनीचे रसायनज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांना असे आढळले की, डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये ते सहज विरघळते. मिश्रणात रासबेरीचा स्वाद घालण्यात आला. रंग, वास व चव पाहण्यात आली. ते विषारी आहे की काय, एवढेच पाहिले गेले नाही. पाहावे असे कायदाही सांगत नव्हता. सप्टेंबरात बाटल्या बाजारात गेल्या आणि मूत्रपिंडे निकामी होऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती.

सरकारला साठा जप्त करता आला, तो केवळ नावातील चुकीमुळे. ‘एलिक्झर’ म्हणजे मद्यार्कयुक्त औषध, आणि यात मद्यार्क नव्हता! पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, विक्रीपूर्वी औषध निर्धोक असल्याचे दाखविण्याचे बंधन कायद्याने घातले.

परंतु परीक्षेवाचून कायदा लुळा असतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेले ग्लिसरीन दिले गेल्यामुळे १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली.

विद्रावकाचे भय पातळ औषधापुरतेच नाही. कोरड्या गोळीतही, तिच्या निर्मितीत वापरलेल्या विद्रावकाचा अंश मागे राहतो. तो शोधण्यासाठी नमुना बंद कुपीत तापवितात व वरची वाफ एका लांब, बारीक नळीतून नेतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी नळीबाहेर पडते आणि त्याचे प्रमाण मोजता येते. गॅस क्रोमॅटोग्राफीची ही रीत जेम्स व मार्टिन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९९७ मध्ये अशा अवशेषांच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरल्या. कर्करोगास कारण होणाऱ्या बेंझीनला दहा लाख भागांत अवघे २ भाग, तर सौम्य अशा मद्यार्काला ५,००० भाग.

जिभेला गोड लागलेल्या औषधाने १९३७ मध्ये घरे उजाड केली. औषधाचा निवाडा तेव्हापासून जिभेकडून काढून प्रयोगशाळेकडे सोपविण्यात आला. तेथे आळस झाला, तर त्याचा दंड रोग्यालाच भरावा लागतो.