इगर्जीच्या सावलीतील शाळा

गोव्याच्या ख्रिस्तसभेचा इतिहास सांगताना आपण भव्य इगर्जी, सोनेरी वेद्या आणि संतांचे अवशेष यांचे वर्णन भक्तिभावाने करतो. इगर्जीला लागून भरणाऱ्या प्राथमिक शाळेकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. कोकणीत तिला साधेपणाने ‘इस्कोल’ म्हणतात. शेकडो वर्षे धर्मग्रामातील मुले या शाळेत अक्षर, प्रार्थना आणि गायन शिकली. तिची कहाणी आपल्या धर्मग्रामांनाही विचार करायला लावणारी आहे.

तिचे मूळ सोळाव्या शतकात आहे. १५४१ साली गोवा शहरात ‘सांता फे’ या मंडळाने एतद्देशीय मुलांसाठी विद्यालय स्थापन केले. पुढे ते येशूसंघाकडे आले आणि सेंट पॉल कॉलेज या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या खर्चासाठी तिसवाडीतील उद्ध्वस्त देवळांच्या जमिनींचे उत्पन्न लावून देण्यात आले होते, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये. ज्ञानदानाचे हे कार्य राजसत्तेच्या बळजबरीशी जोडलेले होते, आणि तिचा भार शेजारच्या समाजाने सोसला.

१५४२ च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांना गोळा करीत आणि धर्मतत्त्वे चालीवर म्हणवून घेत. गाण्यातून शिकविण्याची ही पद्धत गोव्याच्या मातीत रुजली. पुढे साष्टी तालुका येशूसंघीयांकडे आणि बारदेश फ्रान्सिस्कनांकडे सोपविला गेला. गावोगाव इगर्जी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आश्रयाने शाळा सुरू झाल्या.

या शाळेचा आधारस्तंभ म्हणजे ‘मेस्त’. तोच शिक्षक, तोच गायकवृंदाचा प्रमुख. इगर्जीचा निधी, धर्मबंधुसंघ आणि गावकारी यांच्या उत्पन्नातून त्याचे वेतन निघे, त्यामुळे गरीब कुळाच्या मुलालाही शिक्षण मिळू शके. प्रार्थना, धर्मशिक्षण, थोडे लेखन-वाचन आणि भरपूर संगीत असा अभ्यासक्रम असे. प्रथम स्वरलिपी वाचून गाण्याचा सराव. तो पक्का झाल्याखेरीज व्हायोलिन हाती पडत नसे. तयार झालेली मुले मिस्सेत लॅटिन गीते गात, क्रुसापुढील लदाइनीला साथ करीत. शाळा मुख्यतः मुलग्यांची होती. मुलींच्या शिक्षणाचा विचार फार उशिरा झाला, ही तिची मोठी उणीव होय.

शिकवायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न मात्र आरंभापासून भेडसावत राहिला. १६०६ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने, लोकभाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूला धर्मग्राम देऊ नये असे ठरविले. जे आधीच नेमलेले होते त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले, आणि प्रश्नोत्तररूप कोकणी ‘दौत्रिन’ त्यांच्या निधनानंतर १६२२ साली. लोकांच्या भाषेतून श्रद्धा पोहोचविण्याचा तो उजळ काळ होता.

पुढे वारे फिरले. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने बारदेश व साष्टीत मुसंडी मारली. त्या धक्क्यातून राज्यकर्ते सावरत होते, तोच २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले. लोकांनी तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज आत्मसात करावी, आणि धर्मगुरूंनी व शाळामास्तरांनी त्याच भाषेतून शिक्षण द्यावे, असा तो हुकूम होता. फ्रान्सिस्कनांचा आग्रह त्यामागे होता. १७४५ साली तर पोर्तुगीजचे ज्ञान नसलेल्यांच्या विवाहावरही निर्बंध घालणारा आदेश आर्चबिशपांनी काढला. तरीही घराघरांत, शेतांत आणि मांडवांत कोकणी जिवंत राहिली. जी भाषा आई बोलते ती फर्मानाने मरत नाही. मात्र तिचा शाळेत पाणउतारा झाला की मुलाच्या मनात न्यूनगंड घर करतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. १८५८ साली कोकणीचा इतिहास लिहून या उपेक्षेचा पहिला जाहीर पंचनामा केला तो कुन्हा रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच.

१७५९ साली येशूसंघीयांची हकालपट्टी झाली आणि १८३५ साली इतर धर्मसंघही गेले. मठ ओस पडले, परंतु इस्कोल टिकली, कारण ती आता गोमंतकीय धर्मगुरू आणि गावचे मेस्त यांच्या हाती होती. सरकारी शाळा निघू लागल्यावर तिचे अक्षरशिक्षण मागे पडत गेले, संगीत मात्र राहिले. त्याचे फळ अनपेक्षित ठिकाणी दिसले. पोटासाठी मुंबईला आलेले गोवेकर धोबीतलावच्या ‘कुडां’मध्ये उतरत. त्यांतील कित्येकांना स्वरलिपी वाचता-लिहिता येत असे. बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात त्यांना मानाचे स्थान मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे अशाच परंपरेतले. त्यांचे वडील गावच्या इगर्जीत गायकवृंद चालवीत. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या चित्रपटातील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, पण त्या नावामागची इस्कोल किती जणांना ठाऊक आहे?

मुक्तीनंतर भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९९० साली गोवा शासनाने प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषेच्या माध्यमाशी जोडले. तेव्हा धर्मप्रांताच्या प्राथमिक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. तीन शतकांपूर्वी शाळेतून हद्दपार केलेली भाषा धर्मप्रांताच्याच शाळांत मानाने परतली. परंतु अनेक पालकांना इंग्रजी हवी होती. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि बहुतेक शाळा तिकडे वळल्या. त्यावरून उठलेला वाद कडवट होता. दोन्ही बाजूंना मुलांचे हितच पाहायचे होते, हे आपण विसरू नये.

वसईकरांना आणि महाराष्ट्रातील इतर धर्मग्रामांना ही कथा परकी वाटू नये. व्हॅटिकन परिषदेनंतर आपण मिस्सा मराठीतून अर्पण करू लागलो. आता मात्र पालकांचा ओढा इंग्रजीकडे आहे, आणि पोटापाण्याची चिंता करणाऱ्या आईबापांना दोष देणे अन्यायाचे होईल. इंग्रजी मुलांना अवश्य यावी. पण जो मुलगा मराठीत प्रार्थना करू शकत नाही, आजीच्या तोंडची गाणी ज्याला समजत नाहीत, त्याला आपण नक्की काय दिले आणि काय काढून घेतले, याचा हिशेब पालकांनी आणि धर्मगुरूंनी एकत्र बसून मांडायला हवा. शाळेत मराठीचे तास कमी झाले असतील तर धर्मशिक्षणाचे वर्ग आणि गायकवृंद अजून आपल्याच हाती आहेत. मेस्तांजवळ याहून फारसे काही नव्हते. त्यांच्यापाशी एक खोली, एक व्हायोलिन आणि गावाने दिलेले तुटपुंजे वेतन होते, आणि तेवढ्यावर त्यांनी पिढ्या घडविल्या.