काडतूस आणि कायदा

१८ जानेवारी १८५८ च्या रात्री रायपूरच्या छावणीत हनुमानसिंह नावाच्या इसमाने सार्जंट-मेजर सिडवेल ह्याच्या घरात शिरून त्यास ठार केले. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह ह्यांस १० डिसेंबर १८५७ रोजी ह्याच शहरात फाशी देण्यात आले होते. त्याचाच हा जाब होता, असे छत्तीसगडात मानतात. उठाव काही तासांत मोडला. २२ जानेवारीस सतरा जणांस फाशी झाली. हनुमानसिंह मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही. त्याचा हुद्दा ‘मॅगझिन लस्कर’ असा सांगतात; दारूगोळ्याच्या कोठारावर राबणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. ज्या बंडाची ठिणगी काडतुसावरून पडली, त्याचे येथील पुढारीपण काडतुसांच्या कोठारातील माणसाकडे यावे, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

काडतूस हा शब्द आपणांस पोर्तुगिजांनी दिला. त्या काळी ते म्हणजे कागदाची एक नळी. तीत मोजून घेतलेली दारू आणि एक गोळी. शिपायाने नळी दातांनी फाडावी, दारू नळीत ओतावी, गोळी गजाने ठासावी आणि चाप ओढावा. अशा बंदुकीस कारखान्याची गरज नव्हती. दारू, शिसे आणि टोपी मिळाली की ठासणीची बंदूक बोलू लागे. छत्तीसगडच्या रानात तिला ‘भरमार’ म्हणतात, आणि गावचा लोहारही ती घडवू शकतो.

१८६६ मध्ये इंग्रजांनी मागून भरावयाची स्नायडर बंदूक स्वीकारली, आणि काडतूस धातूचे झाले. दारू, गोळी आणि टोपी एकाच पितळी पुंगळीत बंद झाली. हे काम लोहाराच्या भात्यावर होण्यासारखे नव्हते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा आहे. बंदूक एकदा दिली की ती परत घेणे कठीण. पण काडतूस दर वेळी मागावे लागते. म्हणून ज्याच्या हाती कारखाना, त्याच्याच हाती खरी बंदूक, असा नवा न्याय सुरू झाला. सत्तावनचा धडा सरकार विसरले नव्हते; गोऱ्या पलटणींकडे नवी बंदूक आली की तिच्याआधीची देशी पलटणींस मिळावी, असा शिरस्ता पुढे बरीच वर्षे चालला.

तथापि ह्या व्यवस्थेत एक फट राहिली होती. उडालेल्या काडतुसाची पुंगळी शाबूत राहते. तिला नवी टोपी बसवून, दारू भरून, वर योग्य मापाची गोळी घातली की ते काडतूस पुन्हा जिवंत होते. स्नायडरनंतर १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्रीच्या गोळीचे माप इंचाच्या हजार भागांपैकी ४५० इतके होते. ह्या बंदुका सैन्यातून बाद होत गेल्या, आणि त्यांतील पुष्कळशा सरकारविरोधकांच्या हाती पडल्या. इकडे साहेबलोकांच्या शिकारी रायफलीही ४५० मापाच्याच होत्या. शिकाऱ्याच्या पेटीतली गोळी मार्टिनीच्या जुन्या पुंगळीत चढेल, ही धास्ती सरकारास वाटली; आणि १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात व सुदानात ४५० मापाचा दारूगोळा आणण्यास बंदी झाली.

बंदीचा परिणाम मसुदा लिहिणाऱ्याच्या कल्पनेपलीकडचा झाला. हिंदुस्थानचे गिऱ्हाईक गमावणे लंडनच्या बंदूकवाल्यांस परवडणारे नव्हते. त्यांनी ४५० सोडून ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापे बाजारात आणली. पुढे आफ्रिकेत हत्तीची शिकार करणाऱ्यांनीही हीच मापे उचलली.

दुसरी हकीकत आपल्या अधिक जवळची आहे. सैन्याची बंदूक ३०३ मापाची. म्हणून खासगी माणसास त्या मापाचा परवाना मिळेना. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात १८९० च्या सुमारास आलेले एक काडतूस पुढे करण्यात आले. तेच आपले ‘३१५ बोअर’. ते साम्राज्य १९१८ मध्ये मोडले, आणि युरोपातील सैन्यांनी हे काडतूस कालांतराने टाकून दिले. येथे मात्र ते सरकारी कारखान्यांतून निघत राहिले. आजही पोलिसांनी पकडलेल्या गावठी कट्ट्याची बातमी येते, तेव्हा तो बहुधा ३१५ बोअरचाच असतो. आणि जप्त काडतुसाच्या बुडाशी पुष्कळदा ‘केएफ’, म्हणजे किरकी फॅक्टरी, ही अक्षरे असतात. घरापासून इतक्या दूर आपल्या खडकीची गाठ अशी पडते!

संस्थानिकांच्या त्या ४६५ आणि ४७० रायफलींचे पुढे काय झाले? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेतील किनॉक कंपनीने त्यांची काडतुसे काढणे थांबविले, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस संपविले. बंदुका शाबूत राहिल्या, पण मुक्या झाल्या. इंग्लंड-अमेरिकेतील शौकिनांनी अशा मुक्या बंदुकांस वाचा देण्याची एक विद्याच उभी केली आहे. बंदुकीच्या पोकळीत कमी उष्णतेवर वितळणारा धातू ओतून तिचा साचा घ्यावयाचा. तो मोजून दुसऱ्या एखाद्या पुंगळीस त्या आकारात आणावयाचे. स्नायडरची पुंगळी २४ बोअरच्या पितळी काडतुसापासून घडवितात. हे काम चिकाटीचे, तितकेच जोखमीचे. मापात झालेली चूक हातावर किंवा डोळ्यावर बेतते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही; त्यामुळे वाड्यांतील रायफली बहुधा भिंतीवरच राहतात.

ह्या कथेत लढाया थोड्या आणि कागद फार आहेत. साहेबाने विशिष्ट वेळी विशिष्ट धास्तीने एक नियम केला. धास्ती गेली, साहेब गेला, ज्यांच्याविरुद्ध नियम केला तेही गेले. परंतु त्या नियमांपायी जन्मलेली मापे टिकून राहिली. कचेरीत बसून आपणही रोज मसुदे घालतो आणि ‘मंजुरीस्तव सादर’ म्हणून वर पाठवितो. त्यांतील एखादे वाक्य शंभर वर्षांनी कोणाच्या हातात काय देईल, ह्याचा विचार सही करताना कोणाच्या मनात येतो?