पाळण्याजवळचे जागरण

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्याभिषेक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. घरातल्या जागरणालाही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आज मी त्या जागरणाविषयीच चार शब्द बोलणार आहे. एक मूल अंगावर पिते आहे, दुसरे दोन-अडीच वर्षांचे पदर धरून उभे आहे; रात्री एक निजले की दुसरे उठते, आणि दोघेही निजली तोच उजाडते. अशा घरातील आईबाप थकून जातात. हा थकवा प्रत्येक पिढीच्या वाट्यास आला. पण त्याचा भार कोणी किती उचलावा याची व्यवस्था मात्र काळाकाळाला बदलत गेली. ती कशी बदलली हे पाहिले म्हणजे आपला शीण ही आपली उणीव नव्हे, एवढे तरी तरुण आईबापांस पटावे.

प्रथम जुन्या घराकडे वळू. पहिलटकरीण माहेरी जाई. बाळंतिणीस वेगळी खोली, शेकशेगडी, अळीव, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती असा क्रम असे. दुसऱ्या खेपेस थोरले मूल आजीच्या कुशीत जाई, आणि त्याचे नाहणे-जेवणे काकू, आत्या, मावशी यांच्यात वाटले जाई. हे सारे खरे. आणि त्याची आठवण काढून पुष्कळ वडीलमंडळी आजच्या सुनांस नावे ठेवतात, हेही खरे. परंतु इतिहास सांगावयाचा तर पुरा सांगितला पाहिजे. ते आयते हात कोणाचे होते? पुष्कळ घरांत ते बालविधवेचे होते. तिला स्वतःचा संसार नाकारून दुसऱ्यांची मुले सांभाळण्यास ठेवलेले असे. पुष्कळ घरांत ते आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या मुलीचे होते. कडेवर भावंड असल्यामुळे तिच्या हाती पाटी आलीच नाही. आणि मोलमजुरी करणाऱ्या घरांत तर सव्वा महिन्याची विश्रांती ही ऐकीव गोष्ट होती. झाडाच्या फांदीला झोळी बांधून बाई पुन्हा कामाला लागे. शिवाय आई स्वतःच अनेकदा मूल असे. मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा चौदा वर्षे ठरविणारा शारदा कायदा १९२९ साली मंजूर झाला, यावरून त्यापूर्वीची स्थिती ओळखावी. तात्पर्य, जुन्या घरात आईचा भार हलका होई तो नाहीसा झाल्यामुळे नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर गेल्यामुळे.

ही व्यवस्था मोडण्यास अनेक कारणे झाली. त्यांपैकी एक आम्हां मनमाडकरांच्या दारावरूनच जाते. ते म्हणजे रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० नंतरच्या दशकात या बाजूने गेला, १८७८ साली दौंडचा फाटा येऊन मिळाला, आणि पुढे १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे येथे पोहोचली. अंकाई-टंकाईच्या पायथ्याशी असलेल्या लहानशा वस्तीचे जंक्शन झाले. फिटर, फायरमन, गार्ड, पॉइंट्समन, गँगमन अशी माणसे दूरदूरच्या गावांहून येथे आली. त्यांनी बायको बरोबर आणली, मुले आणली. पण आजी, काकू आणि आत्या गावीच राहिल्या. रेल्वेच्या दोन खोल्यांत चौघांचे कुटुंब उभे राहिले. बाप रात्रपाळीहून आला की त्याला दिवसा झोप हवी. म्हणून दोन लेकरांचा आवाज दाबून धरण्याचे काम आईकडे. त्यात मनमाडचे पाणी! दुष्काळी वर्षांत दोन पाण्यांमध्ये कित्येक दिवसांचे अंतर पडते, हे या गावास नवे नाही. दुपटी आणि लंगोट धुण्यास किती पाणी लागते, आणि ते भरून ठेवण्यास किती शक्ती लागते, हे ज्याने केले त्यासच ठाऊक.

येथे एक विलक्षण विरोध दिसतो. माणसाने किती तास राबावे हा प्रश्न त्याच रेल्वेने कायद्याच्या दारी नेला. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तेथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. त्या परिषदेतील ठरावांस अनुसरून १९३० साली हिंदुस्थानच्या रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली, आणि अखंड काम करणाऱ्या नोकरास आठवड्यास सरासरी साठ तास व ज्याचे काम मधून मधून येते त्यास चौऱ्याऐंशी तास अशी मर्यादा पडली. आज ही मर्यादा फार वाटेल; तरीपण थकलेला मनुष्य सांध्यावर उभा राहिला तर गाडी रुळांवरून उतरेल, हे तत्त्व सरकारने मान्य केले. त्याच पॉइंट्समनच्या घरात त्याची पत्नी अहोरात्र जागत होती, तिच्या तासांची नोंद मात्र कोणत्याच वहीत नव्हती.

विश्रांती ही आपोआप कोणास मिळालेली नाही. ती मागावी लागली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली. कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा प्रश्न त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुंबई कायदेमंडळात आला. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतिभत्त्याच्या विधेयकास पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर मातेस विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलणे युक्त होय, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. १९२९ साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. हिंदुस्थानातील त्या प्रकारचा तो पहिला कायदा. आईचा विसावा ही सासूची मेहेरबानी नसून हक्क आहे, असे प्रथमच कागदावर आले.

मनमाडच्या दृष्टीने १९३८ हे वर्ष स्मरणीय आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या १२ व १३ तारखांस जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद येथे भरली आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. त्यांच्या भाषणातील एक मुद्दा आपल्या विषयास फार जवळचा आहे. अस्पृश्यास पोर्टरची जागा का मिळत नाही, याचे कारण त्यांनी असे दाखविले की, स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामास लावतो, आणि अस्पृश्याचा हात त्याला घरात चालत नाही. म्हणजे पाहा, वरिष्ठाच्या घरातील शीण हलका करण्यास नोकरीतील हात वापरले जात, आणि गँगमनच्या बायकोस मात्र कोणीच नसे. घरकामाचा प्रश्न जातीच्या आणि पगाराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे यावरून उघड होते.

त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी डॉ. आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मुंबई विधिमंडळात मांडला. तो नामंजूर झाला. परंतु दोन मुलांमध्ये अंतर असावे, आणि ते ठेवणे आईच्या हाती असावे, हा विचार महाराष्ट्रात त्याआधीच रुजू लागला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी त्यांनी खटले व उपहास सोसला. ज्यास आपण आज कुटुंबनियोजन म्हणून सहज बोलतो, त्याच्या मुळाशी आईचे शरीर झिजू नये हीच कळकळ होती.

आता थोरल्या मुलीकडे येऊ. कारण आईच्या थकव्याचे पहिले ओझे तिच्याच कमरेवर येते. शिक्षकाच्या हजेरीपटावर जी गैरहजेरी दिसते, तिचे कारण पुष्कळदा पाळण्यात असते. ही गोष्ट ओळखून तिच्यावर तोड काढण्याचे श्रेय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांस आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह ताराबाईंनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांत काम करू लागल्या, आणि अनुताई तेथेच त्यांस येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या, आणि त्या योजनेस ‘विकासवाडी’ असे नाव दिले. थोरली बहीण तान्ह्यास पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू लागली. युक्ती साधी, पण तिने एकाच वेळी तिघांचा भार हलका केला: आईचा, बहिणीचा आणि बाळाचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रास ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

कायदाही हळूहळू पुढे सरकला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक केले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. २०१७ साली नोकरदार स्त्रीची पगारी प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली. परंतु शेतावर, बांधकामावर अथवा स्वतःच्याच घरी राबणारीस ही रजा कोण देणार? २०१९ साली सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. तीत शंभरांपैकी सुमारे ८१ स्त्रिया घरातील बिनपगारी काम करीत असल्याचे दिसले, पुरुष मात्र सुमारे २६. करणाऱ्यांतही स्त्रीचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे जात, पुरुषाचे ९७. ज्या वहीचा उल्लेख मी मघाशी केला, ती वही अखेर उघडली गेली, आणि तिच्यात हे निघाले.

मग आजच्या दोन लेकरांच्या घराने यातून काय घ्यावे? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, जागरणाची पाळी लावावी. ज्या गावात गाडीच्या ड्यूटीचे तक्ते लागतात, त्या गावात पाळण्याजवळच्या ड्यूटीचा तक्ता लावण्यास संकोच कशाचा? मध्यरात्रीपर्यंत एकाने व पुढे दुसऱ्याने जागावे. अंगावर पाजणे बापास करता येणार नाही. परंतु दुपटे बदलणे, थोपटणे आणि थोरल्यास निजविणे निश्चित येईल. सलग चार तासांची झोप ही चैन नव्हे. दुसरी, मदत मागावी. पण ती थोरल्या मुलीच्या शाळेतून कापून घेऊ नये. शेजारीण, आजी-आजोबा, अंगणवाडीची सेविका यांपैकी कोणास तासभर मूल सांभाळावयास सांगण्यात कमीपणा नाही. इतिहासात एकट्या आईने दोन मुले वाढविण्याची रीत कधी नव्हतीच. तिसरी, जो शीण झोपेनेही जात नाही, ज्यात बाळाकडे पाहूनही मन उदास राहते आणि रडू आवरत नाही, त्यास आळस अथवा नाटक म्हणू नये. ते बाळंतपणानंतरचे दुखणे असू शकते, त्यावर उपचार आहे, आणि अशा स्त्रीस विनाविलंब डॉक्टरांकडे नेणे हे घरच्यांचे कर्तव्य होय.

श्रोतेहो, जुने घर परत येणार नाही, आणि ज्यांच्या बळावर ते चालत होते त्यांचा विचार केला तर ते यावे असेही म्हणवत नाही. त्या घरातील हात मात्र आपणास हवे आहेत. केवळ ते सक्तीचे नसावेत, आणि त्यांत बापाचे दोन असावेत.